आर्मेनियन वस्त्यांचे फोटो काढायला निघताय? आधी वही घ्या

कॅमेरा कुठला घेऊ, हे मला विचारू नका. हाताशी असेल तो घ्या. एक ३५ ची लेन्स, एक ५० ची, जादा बॅटऱ्या, चार कार्डं, झालं. शटरचा आवाज बंद करता येत असेल तर उत्तम. एवढं तुम्हाला कळतंच.

वही घ्या. खिशात मावेल अशी, जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या पानांची. स्पायरलची नको, पानं निसटतात. दोन बॉलपेनं, कारण एक कुणाच्या तरी टेबलावर राहणारच. ‘मोबाइलमध्ये टिपून ठेवीन’ असं म्हणू नका. नाव तुम्ही टिपायचं नाहीये, समोरच्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचंय, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस तुमच्या मोबाइलवर आर्मेनियन अक्षरं शोधत बसणार नाही. मागच्या खेपेला वही नव्हती. म्हणून आज माझ्या हार्डडिस्कवर ‘आजी खिडकी कोलकाता’, ‘तिघे भाऊ दुकान’, ‘टोपीवाले काका २’ अशा फायली पडून आहेत. फोटो वाईट नाहीत. ते कोण, एवढंच माहीत नाही, आणि त्यामुळे ते कुठे छापताही येत नाहीत आणि कुणाला पाठवताही येत नाहीत.

बाकी ठिकाणी कदाचित चालून जातं. इथे नाही चालत. आर्मेनिया देशात तीसेक लाख लोक राहतात आणि देशाबाहेर त्याहून कितीतरी जास्त. काही व्यापारासाठी शेकडो वर्षांपूर्वीच बाहेर पडले. आजच्या वस्त्यांतल्या बऱ्याच जणांचे पणजोबा-पणजी मात्र उस्मानी तुर्की साम्राज्यातल्या १९१५ च्या नरसंहारातून वाचून निघाले, आणि पुढच्या पिढ्यांनाही एकाच जागी राहता आलं असं नाही. समजा, कॅलिफोर्नियात ग्लेंडेलच्या एका स्वयंपाकघरात एक बाई कॉफी ओततेय. आजोबा आजच्या तुर्कस्तानातल्या खारपेर्तचे, वडील सीरियात अलेप्पोत जन्मलेले, ती स्वतः बैरुतला शिकलेली, १९७५ मध्ये लेबनॉनची यादवी पेटल्यावर इकडे आलेली. यातलं फोटोत काय उतरतं? कॉफीचं भांडं आणि मागचा फ्रिज. बाकी सगळं ओळीत लिहावं लागतं, आणि ती ओळ घरी येऊन आठवत नाही. तिथेच लिहा.

‘मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवायला नको, रेल्वेच्या डब्यात आपण तोच आधी विचारतो. तिथेही विचारा. बैरुतला नदीपलीकडे बुर्ज हमूद आहे. तिथल्या मोहल्ल्यांची नावं नोर मराश, नोर अदाना, नोर सिस. म्हणजे नवं मराश, नवं अदाना, नवं सिस. निर्वासितांनी सुटलेल्या गावांची नावं दलदलीतल्या नव्या जागेला दिली. लेबनॉनच्याच बेका खोऱ्यात आंजार आहे. मुसा दाग डोंगराच्या उतारावरच्या सहा गावांतले लोक १९३९ मध्ये, तो मुलूख तुर्कस्तानात गेल्यावर, तिथे येऊन वसले, आणि आंजारच्या सहा भागांना त्या सहा गावांची नावं आहेत. सहातलं एक गाव सगळंच्या सगळं उठलं नाही. ते अजून तुर्कस्तानात हाताय प्रांतात आहे, वाकिफली नावाचं, तिथलं अखेरचं आर्मेनियन गाव. आता एका फोटोखाली तुम्ही नुसतं ‘आर्मेनियन शेतकरी, लेबनॉन’ लिहिलंत, तर तो माणूस वाकेफ (वाकिफलीचंच आर्मेनियन नाव) भागातला आहे आणि त्याचे चुलत नातेवाईक सीमेपलीकडे त्याच नावाच्या गावात संत्री पिकवत असू शकतात, ही अख्खी गोष्ट गेली. म्हणून म्हणतो, वही.

वहीत काय लिहून घ्यायचं, तेही सांगतो. नाव, त्यांच्या हस्ताक्षरात, आर्मेनियन लिपीत आणि इंग्रजीत दोन्ही. आजोबा-आजी कुठल्या गावचे. तिथून इथवरची वाट, मधली सगळी मुक्कामं धरून. आजची तारीख. फोटो कुठे वापरलेला चालेल आणि कुठे नाही. मग वहीचं ते उघडं पान त्याच कॅमेऱ्याने, त्याच कार्डावर टिपा, म्हणजे चेहऱ्याच्या पाठोपाठ त्याचं नाव येतं आणि फाइल नंबरावरून शोधाशोध उरत नाही. गटाचा फोटो असेल तर डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी, अर्धवट झाकलेल्यांसह आणि मांडीवरच्या तान्ह्यासह. हे सगळं कॉफी यायच्या आधी करा. कॉफी आली की मागून सुका मेवा येतो, मग घरात केलेलं काहीतरी, मग थोरल्या बहिणीला फोन लागतो, अल्बम निघतात, आणि वही बॅगेतच राहते.

नाव त्यांनीच का लिहायचं? पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची आर्मेनियन बोलताना अक्षरांची अदलाबदल होते. येरेवानचा आणि तेहरानचा हाकोब बैरुतला हागोप असतो, पेत्रोस बेद्रोस होतो, ग्रिगोर क्रिकोर होतो. आडनावाच्या शेवटी कुणी ‘यान’ लिहितं, कुणी ‘इयान’. तुम्ही कानाने ऐकून लिहिलंत तर चुकणार, आणि ज्या घराने तीन देश बदलताना तेवढं एक नाव टिकवलंय त्यांना ती चूक लागते. इस्तंबूलला आणखी एक गोष्ट. १९३४ च्या आडनाव कायद्यानंतर तिथल्या अनेकांच्या आडनावातलं ‘यान’ गेलं. कागदावर एक नाव, घरात दुसरं. कुठलं छापायचं ते त्यांना विचारा आणि वहीत त्याच्याखाली रेघ मारा. कुणी कुठलंच नको म्हणालं तर नको. मग ‘नाव न छापण्याची विनंती’ असं वहीत लिहा. नाव माहीत असून न छापणं वेगळं, आणि माहीतच नसणं वेगळं.

आता पंचांग. तिकीट काढायच्या आधी हे बघा, नंतर नाही. आर्मेनियन चर्चचा नाताळ ६ जानेवारीला, ख्रिस्ताचा जन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी. २५ डिसेंबरला कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चमध्ये जाऊन उभे राहाल तर तुम्ही आणि रखवालदार. जेरुसलेमला जुनं पंचांग चालतं, तिथे हाच सण १८ जानेवारीच्या संध्याकाळपासून १९ ला. त्या दिवशी पाण्यावर आशीर्वाद होतो, पाण्यात क्रॉस बुडवतात, लोक ते पाणी घरी नेतात. गर्दी पुढे सरकते, त्यामुळे जागा आधी धरा. फेब्रुवारीत १३ तारखेच्या संध्याकाळी चर्चच्या अंगणात शेकोटी पेटते आणि नवी जोडपी तिच्यावरून उड्या मारतात. ऑगस्टमध्ये, १५ च्या जवळच्या रविवारी, द्राक्षांना आशीर्वाद मिळतो. वाकिफलीत त्या वेळी रात्रभर मोठाल्या कढयांत हरिसा शिजतो. गहू आणि मांस घोटून घोटून एकजीव केलेलं, हैदराबादी हलीमच्या घराण्यातलंच. आंजारला तो सप्टेंबरात, क्रॉसच्या सणाला. फोटो सकाळच्या वाटपात नाहीत, रात्रीच्या घोटण्यात आहेत. ढोल आणि सनईसारखी झुर्ना वाजत असतात, माणसं आळीपाळीने लाकडी दांडे फिरवतात, वाफेने लेन्स धुरकट होते. आदल्या संध्याकाळी पोचा, सुती कापड खिशात ठेवा. २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात वाकिफलीचं चर्च आणि बरीच घरं मोडली, तेव्हा आधी विचारून मग जा.

आणि उपासाचा काळ. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात आर्मेनियन चर्चमध्ये वेदीपुढचा पडदा बंद असतो. आठवडेच्या आठवडे. तुम्ही हजारो मैल जाऊन पडद्याचे फोटो काढाल. पडदा सुंदर असतो, काही ठिकाणी फार जुना हाताने छापलेला, पण तुम्हाला तोच हवा होता का, ते आधी ठरवा.

२४ एप्रिलला, १९१५ च्या स्मृतिदिनी, जगभर मिरवणुका निघतात, स्मारकांवर फुलं वाहतात. कॅलिफोर्नियात माँटेबेलोला १९६८ पासूनचं स्मारक आहे. जा, जरूर जा. पण तेवढ्यासाठीच जाऊन लगेच परतू नका. तरुण पोरं या एकाच दिवसाला फोटोग्राफर बघून वैतागलेली असतात.

चर्चमधलं वागणं थोडक्यात. फ्लॅश नाही. वेदीच्या उंचवट्यावर पाय ठेवायचा नाही, कितीही चांगला कोन दिसला तरी. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी बरोबर ठेवावी. पूजाविधी दोन तास सहज चालतो, त्यातही मध्येच पडदा ओढतात आणि मग उघडतात, तेव्हा पहिल्या रविवारी कॅमेरा न काढता पूर्ण विधी बसून बघा. दुसऱ्या रविवारी काय केव्हा होतं ते कळलेलं असेल. जेरुसलेमचं सेंट जेम्स कॅथेड्रल दिवसभर उघडं नसतं, प्रार्थनेच्या वेळी उघडतं, आणि आत छताला टांगलेल्या तेलाच्या दिव्यांचा उजेड. तिथे आयएसओ वाढवताना लाजू नका. सराव मुंबईतच करा. फोर्टातलं आर्मेनियन चर्च १७९६ चं आहे, मुंबईतला समाज जवळपास संपलेला आहे, पण भिंतीवरचा दुपारचा उजेड शिकवायला पुरे आहे.

परवानगी. बऱ्याच शहरांत सगळं दोन-दोन असतं हे लक्षात ठेवा. काही चर्चं आर्मेनियातल्या एचमियाझिनच्या धर्मपीठाच्या अधिकाराखाली, काही लेबनॉनमधल्या अंतेलियासच्या. अमेरिकेतली फूट तर रक्ताची आहे. १९३३ मध्ये २४ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये भर विधीत आर्चबिशपांचा खून झाला आणि समाज दुभंगला. पक्ष वेगळे, क्लब वेगळे, शाळा वेगळ्या, स्काउट वेगळे. एका फादरांनी हो म्हटलं की झालं, असं समजू नका. दोन्हीकडे जा, आणि एकीकडे जाऊन आलोय हे दुसरीकडे लपवू नका, त्यांना ते तासाभरात कळतंच. कोणता फोटो कुठल्या बाजूचा, तेही वहीत. हो, वहीतच. चेहऱ्यावरून ते ओळखता येत नाही, आणि चुकीच्या चर्चचं नाव छापलंत तर दोघंही तुम्हाला दारात उभं करणार नाहीत.

कोलकात्यापासून सुरुवात करा, असं मी म्हणेन. स्वस्त पडतं आणि शिकायला भरपूर. बडाबाजाराच्या गजबजाटात होली नाझरेथचं चर्च, १७२४ चं. चुंचुड्याचं त्याहून जुनं, सतराव्या शतकाच्या अखेरचं, तिथे दरवर्षी जानेवारीत कोलकात्याहून यात्रा जाते. १८२१ मध्ये सुरू झालेली आर्मेनियन शाळा अजून चालू आहे, आणि तिथे इराणमधून, आर्मेनियातून मुलं येऊन राहतात, रग्बी खेळतात. शाळेला आधी पत्र लिहा, मुलांच्या फोटोंना पालकांचीही संमती लागते. चेन्नईत आर्मेनियन स्ट्रीटवर चर्च आहे, १७७२ चं. जगातलं पहिलं आर्मेनियन वर्तमानपत्र ‘अझ्दरार’ १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं, आणि ते काढणारे फादर हारुत्युन श्मावोनियन याच चर्चच्या आवारात पुरलेले आहेत. तिथे आता समाज नाही. थडग्यांचे फोटो घेताना थडग्यावरचा मजकूर वाचता येईल असा सरळ, तिरक्या उजेडात घ्या. मेलेल्यांची नावं तरी दगडावर लिहिलेली मिळतात.

घरात गेल्यावर अल्बम बघायला मागा. आता जरा भान ठेवा, तुम्ही ज्यांचे फोटो काढायला निघालात ते फोटोग्राफरांचं घराणं आहे. उस्मानी सुलतानाचे दरबारी फोटोग्राफर अब्दुल्ला बंधू आर्मेनियन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जेरुसलेमच्या आर्मेनियन मठात येसायी गराबेदियान फोटोग्राफी शिकवत होते, पुढे ते तिथले पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, झाले. कैरोचा व्हान लिओ, इस्तंबूलचा आरा ग्युलेर, मार्दिनला जन्मून कॅनडात गेलेला आणि चर्चिलला १९४१ मध्ये टिपणारा यूसुफ कार्श, सगळे आर्मेनियन. तुमच्यासमोर बसलेल्या आजोबांच्या वडिलांचा अलेप्पोत स्टुडिओ असू शकतो. ते तुम्हाला खुर्ची खिडकीकडे सरकवायला सांगतील. सरकवा.

जुन्या फोटोंची नक्कल तिथेच घ्या, घरातून काहीही बाहेर नेऊ नका, मालक ‘न्या’ म्हणाले तरी. खिडकीच्या मऊ उजेडात, काच असेल तर जरा तिरपं धरून. आणि प्रत्येक फोटोची मागची बाजू. मागची बाजू! तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कधी आर्मेनियन अक्षरांत लिहिलेली तुर्की भाषा असते. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून सोडू नका, दुसऱ्या कुणाला येईल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोजेक्ट सेव्ह नावाचा संग्रह १९७५ पासून हेच करतोय. फोटो गोळा करतात आणि त्यात कोण, कुठे, केव्हा हे घरच्यांकडून विचारून नोंदवतात. आजी हयात असेपर्यंतच ते विचारता येतं. अल्बममधल्या प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा, ‘ह्या कोण?’ आणि लिहा. आजींना ऐकू कमी येत असेल तर नातीला विचारायला सांगा. कंटाळा आला तरी लिहा.

१९१५ चा विषय तुम्ही काढू नका. निघाला तर ऐका. काराबाखचाही निघेल, म्हणजे अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या त्या डोंगराळ भागाचा. २०२३ च्या सप्टेंबरात लाखभर माणसं तिथून बाहेर पडली, घरोघर ती बोलणी आहेत. मत देऊ नका. त्यांच्याकडच्या कॉफीला तुर्की कॉफी म्हणू नका.

काय टिपायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मेणबत्ती, सुरकुत्या आणि कोरीव दगडी क्रॉस यांचा माझा कोटा भरलाय. बुर्ज हमूदचे चपला शिवणारे, सोनार, डोक्यावरच्या विजेच्या तारांचं जंजाळ. शनिवारच्या आर्मेनियन शाळेत कंटाळलेली मुलं. पार्कात नर्दी (बॅकगॅमन) खेळणारे म्हातारे. लग्नाच्या हॉलमागचं स्वयंपाकघर. इथिओपियात अदिस अबाबात १९२४ मध्ये रास तफारींनी (पुढचे सम्राट हैले सेलासी) जेरुसलेमहून नेलेल्या चाळीस अनाथ मुलांचा बँड झाला होता, तिथे आज उरलेली थोडकी घरं आहेत, तिथे कुणी जात नाही. सिंगापूरच्या १८३५ च्या चर्चमध्ये मात्र सगळे जातात.

देशोदेशीचं झटपट. लेबनॉनमध्ये इस्रायलला गेल्याची कुठलीही खूण पासपोर्टात चालत नाही, दोन्ही ठिकाणं करायची तर बैरुत आधी. तिथे चौक्या आणि सैनिक टिपायचे नाहीत, वीज जाते, पॉवर बँक मोठी घ्या. इस्तंबूलला चर्चची फाटकं बंद असतात, रविवारी जा, घंटी वाजवा, ओळखपत्र ठेवा. इराणमध्ये आर्मेनियन क्लबात बायका डोकं झाकत नाहीत. त्यांनी बोलावलं म्हणून आत गेलात तरी आतले फोटो कुठेही टाकायचे नाहीत, कुणाला दाखवायचेही नाहीत. अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये असलं काही नाही, पण तिथे लोकांना वेळ नसतो, आठवडाभर आधी फोन करा.

रोज रात्री कार्डं दोन ठिकाणी उतरवा. वहीची पानंसुद्धा, कारण वही हरवते. झोप आली असली तरी त्या दिवसाची नावं फाइलला त्याच रात्री जोडा. उद्या जोडीन म्हणाल तर पुन्हा ‘टोपीवाले काका’.

परतल्यावर प्रिंट काढा, सहा बाय आठ पुरे, आणि पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आजींच्या भिंतीवर लागत नाही. प्रदर्शन असो की मासिक, छापायच्या आधी फोटोखालची ओळ त्या त्या घरी पाठवा आणि स्पेलिंग तपासून मागवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नातवाला फोन करा. पत्ता घेतलाय ना?